पेट्रोल किती जड, किती उडतं

पेट्रोल पंपावर लिटर आणि रुपयांच्या जोडीला आणखी एक आकडा दिसतो, डेन्सिटीचा. ही घनता समोर मोजून दाखवा असं सांगण्याचा ग्राहकाला हक्क आहे आणि तो अधूनमधून वापरावा असं मला मनापासून वाटतं. 500 मिलिलीटरचा काचेचा जार, हायड्रोमीटर (द्रवात तरंगून घनता दाखवणारी काचेची नळी) आणि तापमापक, एवढंच लागतं. पेट्रोल जितकं हलकं, तितका हायड्रोमीटर खोल बुडतो. डोळा पेट्रोलच्या पातळीला आणायचा आणि आकडा वाचायचा.

खरी मेख तापमानात आहे. पेट्रोल एका अंशाने तापलं, की घनमीटरमागे त्याचं वजन जवळपास पाऊण ते एक किलोने घटतं. 15 अंश सेल्सिअसला 740 भरणारं पेट्रोल 35 अंशांना 723 च्या आसपास येतं. म्हणून जारातला आकडा कोष्टक पाहून 15 अंशांवर आणतात आणि टँकरच्या चलनावरच्या आकड्याशी ताडतात. फरक 3 किलोच्या वर गेला तर संशयाला जागा. म्हणजे तापमापक चार अंश चुकला, तर चांगलं पेट्रोलही नापास ठरू शकतं.

शिवाय घनता ही सरासरी असते. नॅफ्था हा खनिज तेलातून निघणारा हलका द्रव आणि जड केरोसीन योग्य प्रमाणात एकत्र केलं, तर जारातला आकडा पेट्रोलचाच येईल. आत हलके रेणू किती आणि ते बाहेर पडायला किती उतावीळ आहेत, हे घनतेला सांगता येत नाही. ते बाष्पदाब, म्हणजे बंद भांड्यात इंधनाच्या वाफेने निर्माण होणारा दाब, सांगतो.

तो मोजायची रीड पद्धत जुनी आणि फार सुंदर आहे. थंडगार नमुना एका धातूच्या कुपीत भरतात, तिच्यावर चौपट मापाचा हवेचा कप्पा बसवतात, सगळं 37.8 अंशांच्या पाण्यात बुडवतात आणि अधूनमधून हलवत राहतात. दाब स्थिरावला की वाचतात. भारतात साध्या, इथेनॉल न मिसळलेल्या पेट्रोलसाठी कमाल मर्यादा 60 किलोपास्कल आहे. दाब फार कमी असेल तर थंडीत इंजिन लवकर सुरू होत नाही. फार जास्त असेल तर उन्हाळ्यात इंधनाच्या नळीतच वाफ धरते आणि गाडी अडते.

इथेनॉलने यात गंमत आणली आहे. आपल्या साखर कारखान्यांतून येणारं हे इथेनॉल पेट्रोलपेक्षा जड, आणि एकटं असताना त्याचा बाष्पदाबही कमी. तरी ते पेट्रोलमध्ये थोडंसं घातलं की मिश्रणाचा बाष्पदाब चढतो! इथेनॉलचे रेणू एरवी एकमेकांना हायड्रोजन बंधांनी धरून असतात. पेट्रोलच्या गर्दीत ही पकड सुटते आणि ते सहज उडतात. म्हणूनच अशा पेट्रोलला मर्यादेत थोडी सवलत दिलेली आहे.

बाटलीचं झाकण उघडताक्षणी हलके रेणू निसटू लागतात. त्यामुळे प्रयोगशाळेत नमुना आला, की तो थंड करून पहिली चाचणी बाष्पदाबाची करतात. घनतेची पाळी नंतर.