जुनी माहिती पुसायची कुणी?

गोव्यात दोनापावलाला आपली एनआयओ, म्हणजे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था, आहे ना, तिथल्या शास्त्रज्ञांनी 'माया' नावाचं यान बनवलंय, ते पाण्याखाली आपलं आपण फिरतं. आता अशी पाच-सहा यानं पावसाळ्यात मांडवीच्या मुखाशी सोडली असं धरूया, प्रत्येकात एक सॉफ्टवेअर एजंट, म्हणजे स्वतः बघून स्वतः ठरवणारा प्रोग्राम, आणि सगळ्यांनी मिळून नदीचं गोडं पाणी समुद्रात कुठवर जातं ते शोधायचंय.

खाऱ्या पाण्यात वायफाय चालत नाही, त्यामुळे आवाजानेच बोलावं लागतं. आवाज तिथे सेकंदाला साधारण १५०० मीटर जातो, म्हणजे ३ किलोमीटरवर निरोप पोचायला २ सेकंद, आणि डेटाही जेमतेम मावतो. मग निवडूनच सांगायचं, काय दिसलं, कुठे आणि कधी. यातलं 'कधी' मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण भरती-ओहोटीबरोबर सगळं चित्र फिरतं, सकाळची अगदी खरी माहिती दुपारी खोटी ठरते आणि तिच्या भरवशावर गेलेल्यांची बॅटरी फुकट जाते.

पसरवायची पद्धत मात्र सोपी आहे, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात बातमी फिरते तशीच. प्रत्येकाने अधूनमधून कुणाही एकाला गाठून सांगायचं, १००० कॉम्प्युटर असले तरी वीसेक फेऱ्यांत बहुतेक सगळ्यांना कळतं, कुणी मुख्य नसतो त्यामुळे एखादा बंद पडला तरी अडत नाही. झेरॉक्स कंपनीच्या अमेरिकेत पालो आल्टोतल्या संशोधकांनी १९८७ मध्ये डेटाबेसच्या कॉप्या जुळत्या ठेवायला हे मांडलं. पण त्यांना एक भारी अडचण दिसली. एका ठिकाणी नोंद डिलीट केली तरी दुसऱ्याकडची जुनी कॉपी फिरत फिरत परत येते आणि मेलेली नोंद जिवंत होते! मग त्यांनी काय केलं, तर नोंदीचा चक्क मृत्यूचा दाखला काढला, त्यावर तारीख-वेळ घातली आणि तोही बातमीसारखाच सगळीकडे पसरवला.

मुंग्या वाटेवर वासाची खूण सोडत जातात, ते बघून मार्को दोरिगो या इटालियन संशोधकाने १९९२ च्या पीएचडीत जे प्रोग्राम मांडले त्यांत दाखलाही लागत नाही, तिथे वाटेवरची खूण आपोआप उडून जाते, वापर झाला तरच ताजी होते. फक्त किती वेगाने उडवायची हे ठरवावं लागतं. फार लवकर उडाली तर शिकलेलं जातं, उशिरा उडाली तर सगळे जुन्याच वाटेवर अडकतात. आपल्या यानांसाठी मी तरी मुखाजवळची माहिती तासाभरात उडवीन आणि बाहेर खोल समुद्रातली बरीच जास्त वेळ धरून ठेवीन.