भुलेतला कान

ऑपरेशनच्या आधी भीती वाटते ती दुखण्याची. भुलेचा इतिहासही बराच काळ तेवढ्याच भीतीभोवती फिरला. १६ ऑक्टोबर १८४६ रोजी बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये विल्यम मॉर्टन यांनी ईथर दिलं आणि गिल्बर्ट ॲबट या रुग्णाच्या मानेवरची गाठ काढली गेली. नंतर त्याने सांगितलं, कोणी मान खरवडावी तसं वाटलं. बघणारे खूश झाले. ऐकू काय आलं, हा प्रश्न तेव्हा कोणाच्या मनात आला असेल असं वाटत नाही.

तो प्रश्न यायला कारण ठरलं क्युरारे, स्नायू लुळे पाडणारं औषध. १९४२ मध्ये माँट्रियलला हॅरोल्ड ग्रिफिथ यांनी ते भुलेसोबत वापरलं. तोवर भूल कमी पडली तर रुग्ण हलायचा, कण्हायचा. ती आपोआप मिळणारी सूचना होती. आता स्नायूच लुळे पडले. आतला माणूस जागा असला, तरी बाहेरून कळायला मार्ग नाही.

१९६५ मध्ये बर्नार्ड लेव्हिन्सन यांचा प्रयोग प्रसिद्ध झाला. आज कुठलीही नैतिक समिती तो मंजूर करणार नाही. दातांच्या शस्त्रक्रियेसाठी ईथरखाली असलेल्या १० रुग्णांसमोर भूलतज्ज्ञाने मुद्दाम म्हटलं, थांबा, याचे ओठ निळे पडताहेत. महिन्याभराने संमोहनाखाली चौघांनी ते बोलणं जवळपास जसंच्या तसं सांगितलं, आणखी चौघांना काहीबाही आठवलं. पण १० रुग्ण आणि वर संमोहन, म्हणजे पुरावा तसा कच्चाच.

पक्का पुरावा विजेच्या मोजणीतून आला. कानात 'टिक' वाजली की पहिल्या १० मिलिसेकंदांत मस्तिष्कस्तंभातून (मेंदूच्या तळाच्या भागातून) विजेच्या छोट्या लहरी उमटतात. भुलेने त्या जेमतेम बदलतात. म्हणून तर बाळाला झोपवून 'बेरा' ही ऐकण्याची तपासणी करता येते. १० ते १०० मिलिसेकंदांच्या टप्प्यातल्या लहरी मात्र भूल वाढेल तशा खुजट होतात, रेंगाळतात. त्यावरून भुलेची खोली मोजायची कल्पना १९८०च्या दशकात जोर धरू लागली. केटामाइन या भुलेच्या औषधाने तिला चकवा दिला, कारण त्याने माणूस हरपतो पण या लहरी फारशा हलत नाहीत.

२०२० मध्ये इस्रायलमधल्या संशोधकांनी थेट पेशींचंच ऐकलं. अपस्माराच्या उपचारासाठी ज्यांच्या मेंदूत इलेक्ट्रोड बसवलेलेच होते, अशा रुग्णांना प्रोपोफोल हे भुलेचं औषध देत आवाज आणि शब्द ऐकवले. माणूस प्रतिसाद देईनासा झाला, तरी प्राथमिक श्रवणकेंद्रातल्या पेशी बऱ्याच अंशी तशाच वाजत राहिल्या. त्याच्या पुढच्या भागांत मात्र प्रतिसाद ढासळला होता.