दुसरा घास कधी, यावर कुरण ठरतं

पुण्याहून सासवडमार्गे सुप्याकडे निघालं की पाऊस गावागणिक आटत जातो. मावळ-मुळशीत भातखाचरं तुडुंब असतात, तेव्हा बारामती-इंदापूरच्या माळाला जेमतेम 500 मिलिमीटरवर वर्ष काढायचं असतं. तिथे भरवशाचं पीक एकच, गवत. या पट्ट्यात कुंपणाच्या अलीकडे गुडघाभर पवना आणि मारवेल ही चाऱ्याची गवतं, पलीकडे उघडा मुरूम, असं ठिकठिकाणी दिसतं. पाऊस तोच, जमीन तीच. मग ‘मेंढरांनी रान खाल्लं’ असं म्हणून आपण मोकळे होतो. हे अर्धंच खरं आहे.

मुळात गवत चराईला सरावलेलं आहे. झाडाचा वाढता कोंब शेंड्याला असतो, गवताचा बराच काळ जमिनीलगत, बुडख्यात दडलेला असतो. पानही नखासारखं बुडातून वर सरकतं, त्यामुळे टोक कुरतडलं तरी वाढ चालू राहते. उलट वरचा पसारा कमी झाला की बुडाशी ऊन पोचतं आणि नवे फुटवे निघतात. वर्षानुवर्षं ना जनावर, ना विळा, अशा बंदिस्त कुरणात ठोंब स्वतःच्याच वाळक्या काडीखाली गुदमरतात.

घोळ होतो तो दुसऱ्या घासाला. पानं गेली की अन्न तयार होणं मंदावतं आणि ठोंब बुडख्यातल्या साठ्यावर नवं पान काढतो. ते कोवळं पान जून काडीपेक्षा चवीला सरस, म्हणून अख्खा माळ मोकळा असला तरी जनावर फिरून त्याच ठोंबावर येतं. साठा भरायच्या आत दुसरा घास, मग तिसरा. नुकसान आधी मातीखाली होतं. अमेरिकेत क्रायडर या संशोधकाने गवतं कमी-जास्त छाटून मुळांवर नजर ठेवली आणि 1955 साली निष्कर्ष मांडले: निम्म्यापर्यंत पाला काढला तर मुळं जवळपास वाढतच राहतात, पण 80-90 टक्के एकदम काढला तर दोनेक आठवडे ठप्प होतात. आपल्याकडे पावसाची उघडीप नेमकी तेव्हाच पडली, तर तो ठोंब ओलावा कुठून ओढणार?

असं काही वर्षं चाललं की शेडा, मारवेल अशी चाऱ्याची गवतं मागे हटतात आणि कुसळी, म्हणजे कुसळांचं गवत, पसरते. तिचं पिकलेलं कुसळ तळहातावर घेऊन थेंबभर पाणी टाका. पीळ उलगडत ते गरगर फिरू लागतं. वाळलं की पुन्हा पीळ धरतं. याच फिरकीने बी मातीत घुसतं, आणि मेंढीच्या लोकरीतून कातडीतही. फुलोऱ्याआधी कुसळी जनावरं खातात, नंतर तोंड फिरवतात.

धनगरांचे वाडे, म्हणजे मेंढरांसह फिरणारे तांडे, दिवाळीनंतर कोकणाकडे उतरतात, पावसाच्या तोंडावर परततात. एका शेतात एक-दोन रात्री मेंढरं बसवून पुढे सरकतात. ही चाल गवताच्या सोयीचीच आहे. अडचण आली ती गायरानं प्लॉट, कारखाने आणि कागदोपत्री ‘पडीक’ म्हणून झाडं लावण्यात गेल्यावर. उरलेल्या तुकड्यावर तेच कळप रोज. त्यातही जूनचे पहिले आठवडे सर्वांत नाजूक, कारण कोंब फुटताना साठा तळाला गेलेला असतो.

रान पारच उघडं पडलं तर पेरणी आलीच, आणि ती ज्वारीसारखी करून चालत नाही. गवताचं बी हलकं, केसाळ; वाऱ्यावर उडतं, पाभरीच्या (पेरणीच्या अवजाराच्या) नळ्यात अडकतं. ओलसर माती किंवा वाळूत कालवून फेकायचं आणि काटेरी फांदी वरून ओढायची, बस. सेंटिमीटरभरापेक्षा खोल गेलं की इवलासा कोंब वर येता येता दमतो. अंजन गवताचं ताजं बी काही महिने झोपलेलं असतं, म्हणून मागच्या हंगामाचं बरं. स्टायलो हे गवत नव्हे, शेंगवर्गातलं. नत्रासाठी सोबत लावतात, पण टणक टरफलामुळे आधी गरम पाण्यात काही मिनिटं बुडवावं लागतं. मारवेलाचे ठोंब लावलेले अधिक खात्रीचे.

पहिल्या वर्षी मात्र जनावर आत नको. बी पडू द्यायचं, मग विळ्याने कापायचं, तेही चार बोटं ठेवून. दुसऱ्या पावसाळ्यात मूठभर पाला धरून गाईच्या जिभेसारखा हिसका द्यायचा: पान तुटलं तर कुरण चराईला तयार, ठोंब मुळासकट हातात आला तर अजून थांबायचं.