शेल स्क्रिप्टिंग

टर्मिनलवर एकेक करून द्यायच्या कमांड साध्या मजकूर-फाइलमध्ये लिहून ठेवायच्या आणि ती फाइल शेलकडून, म्हणजे कमांड वाचून त्या चालवणाऱ्या प्रोग्रामकडून, चालवून घ्यायची, या पद्धतीला शेल स्क्रिप्टिंग म्हणतात. लिनक्स, मॅकओएस आणि इतर युनिक्ससदृश प्रणालींत त्यासाठी वेगळे काही बसवावे लागत नाही.

युनिक्सचा पहिला शेल केन थॉम्पसन यांनी १९७१ मध्ये लिहिला. आज शिकवली जाणारी वाक्यरचना मात्र १९७९ च्या बोर्न शेलची. तो लिहिणारे स्टीफन बोर्न अल्गॉल ६८ या भाषेवर काम केलेले. म्हणून अट घालणारे ‘इफ’ इथे त्या भाषेसारखेच उलट्या अक्षरांच्या ‘फाय’ने बंद होते. लूपमधले ‘डू’ तेवढे ‘डन’ने संपते, कारण ‘ओडी’ नावाची कमांड आधीच होती! लिनक्सवर सर्रास दिसणारा बॅश १९८९ चा. लेखक ब्रायन फॉक्स.

नवशिका अडतो तो लूपपाशी नव्हे, स्पेसपाशी. लिहिलेली ओळ शेल जशीच्या तशी कमांडला देत नाही. व्हेरिएबलच्या (मूल्य साठवणाऱ्या नावाच्या) जागी तो मूल्य घालतो, स्पेस दिसेल तिथे त्या मूल्याचे तुकडे पाडतो, तारांकनाच्या जागी जुळणाऱ्या फाइलींची नावे भरतो आणि मग कमांड चालवतो. समजा, व्हेरिएबलमध्ये ‘जुने फोटो’ हे फाइलचे नाव आहे आणि ते तसेच ‘आरएम’ या फाइल पुसणाऱ्या कमांडला दिले. आरएमच्या हाती दोन नावे पडतात : ‘जुने’ आणि ‘फोटो’. ‘फोटो’ नावाची दुसरी फाइल तिथे असेल तर ती कायमची जाते. जी पुसायची होती ती जागेवरच राहते. व्हेरिएबलभोवती दुहेरी अवतरणचिन्हे घातली की नाव अखंड राहते. एकेरी चिन्हांत मात्र मूल्य भरलेच जात नाही. दुहेरी चिन्हांची सवय पहिल्याच दिवशी लावून घ्यावी, पुढचे बरेच रडणे वाचते. (मॅकओएसवर २०१९ पासून आपोआप मिळणारा झेडशेल असे तुकडे पाडत नाही, तिथे चाललेली स्क्रिप्ट बॅशमध्ये फसते ती अनेकदा यामुळेच.)

मूल्य देताना बरोबरच्या चिन्हाभोवती स्पेस सोडली तरी घोटाळा होतो. शेल व्हेरिएबलच्या नावालाच कमांड समजून शोधू लागतो, ती सापडत नाही आणि एक्झिट स्टेटस, म्हणजे कमांड संपताना मिळणारा निकालाचा आकडा, १२७ येतो. काम नीट झाले तर हा आकडा ० असतो. ‘इफ’ खरे तर तोच तपासते. पाइपने जोडलेल्या, म्हणजे एकीचे आउटपुट पुढचीला देणाऱ्या, कमांडमध्ये एरवी फक्त शेवटच्या कमांडचा स्टेटस धरला जातो, त्यामुळे आधीची चूक सहज झाकली जाते.

स्क्रिप्ट ‘वजा एक्स’ पर्याय देऊन चालवली, तर शेलने मूल्ये भरून तयार केलेली प्रत्येक कमांड पडद्यावर उमटते आणि कुठल्या नावाचे कुठे तुकडे झाले ते दिसते.