दारू सुटली, तरी क्लिअरन्स मिळेल का? अमेरिकेतील नियमांची पार्श्वभूमी

अमेरिकेत सरकारी गुपिते हाताळायची तर सिक्युरिटी क्लिअरन्स, म्हणजे सुरक्षा परवाना, लागतो आणि त्यासाठी एसएफ-८६ हा जाडजूड फॉर्म भरावा लागतो. नागरिकत्व घेऊन संरक्षण कंत्राटदाराकडे नोकरी धरणाऱ्या मराठी इंजिनिअरचीही त्यातून सुटका नाही. दारूमुळे नोकरी, घर किंवा पैसा यांवर परिणाम झाला का, प्रकरण पोलिसांपर्यंत गेले का, हे त्यात गेल्या ७ वर्षांपुरते विचारले जाते. व्यसनावरच्या उपचारांची चौकशी मात्र आयुष्यभराची असते.

या चौकशीचे मूळ शीतयुद्धात आहे. एप्रिल १९५३मध्ये राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी १०४५० क्रमांकाचा कार्यकारी आदेश काढला. सतत अति मद्यपान करणाऱ्याला त्यात गुन्हेगार आणि समलिंगी व्यक्तींच्या रांगेत बसवले होते. नशेत जीभ सैल सुटेल आणि शत्रू ब्लॅकमेल करेल, ही भीती. माणूस सुधारू शकतो, हा विचार त्यात फारसा नव्हता.

तो आला १९७०च्या कायद्याने. स्वतः व्यसनातून बाहेर पडलेले आयोवाचे सिनेटर हॅरोल्ड ह्यूज यांनी तो रेटला. केवळ पूर्वीच्या दारूपायी केंद्र सरकारची नागरी नोकरी नाकारता येणार नाही, असे ठरले. पण सीआयए, एफबीआय, एनएसए यांसारख्या गुप्तचर व तपास संस्था आणि संवेदनशील पदे वगळूनच! म्हणजे जिथे प्रश्न सर्वात टोकदार होता, तिथे दार बंदच राहिले.

ते किती बंद होते, हे वॉशिंग्टन राज्यातील ट्रायडेंट या अण्वस्त्रधारी पाणबुड्यांच्या दुरुस्ती तळावरच्या एका मजुराला कळले. १९८३मध्ये नौदलाने त्याला क्लिअरन्स नाकारला. कारणे जुनी गुन्हेगारी, दोन शिक्षा लपवल्याचा ठपका आणि पूर्वीची दारू. शिक्षेचे शेवटचे २८ दिवस त्याने व्यसनमुक्ती कार्यक्रमात काढले होते, तेही त्याच्याविरुद्धच मांडले गेले. तीन वर्षे दारूचा त्रास नाही, हे त्याचे म्हणणे. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १९८८मध्ये न्यायालयाने सांगितले की क्लिअरन्स हा कोणाचाही हक्क नाही आणि चूक व्हायचीच असेल, तर ती नकाराच्या बाजूने व्हावी.

आणि याच काळात सीआयएमध्ये आल्ड्रिच एम्स हा दारूबाज अधिकारी बसला होता. रोममध्ये एका समारंभानंतर तो नशेत रस्त्यात पडला आणि दुसऱ्या दिवशी रुग्णालयात शुद्धीवर आला. वरिष्ठांनी काणाडोळा केला. १९८५पासून तो सोव्हिएतांना गुपिते विकत होता. पकडला गेला फेब्रुवारी १९९४मध्ये. मजुराला तळाबाहेर ठेवणारी यंत्रणा साहेबापुढे गप्प होती, असेच म्हणावे लागते.

त्यानंतर, १९९७मध्ये, सर्व खात्यांसाठी एकसारखे निकष आले. व्यसनाचे निदान झालेल्याने उपचार पूर्ण करायचे, किमान १२ महिने दारूला शिवायचे नाही, अल्कोहोलिक्स ॲनॉनिमससारख्या, दारू सोडणाऱ्यांनी एकमेकांना आधार देणाऱ्या संस्थेच्या सभांना जायचे आणि तज्ज्ञाचा अनुकूल अभिप्राय आणायचा. जून २०१७पासून लागू असलेल्या नियमांत महिन्यांचा असा आकडा नाही. प्रसंग किती जुना, माणसाने व्यसन कबूल केले का, उपचार पुरे करून सल्ल्याप्रमाणे पिणे सोडले किंवा आवरले का, हे एकत्र तोलले जाते. फॉर्मवर ते दडवणे हा मात्र वेगळ्या कलमाखालचा दोष आहे.