तृतीयपंथी बंद्यांची निवासव्यवस्था (विदर्भ)

तृतीयपंथी किंवा पारलिंगी (जन्माच्या वेळी नोंदलेल्या लिंगाहून वेगळी ओळख असलेल्या) बंद्यांना कारागृहात कोठे, कोणासोबत आणि कोणाच्या देखरेखीखाली ठेवायचे हे ठरवण्याची पद्धत. विदर्भात नागपूर व अमरावती येथे मध्यवर्ती, तर अकोला, यवतमाळ, चंद्रपूर, भंडारा, वर्धा आदी ठिकाणी जिल्हा कारागृहे आहेत. मोर्शी व गडचिरोली येथे खुली कारागृहे आहेत.

बंद्यांच्या लिंगानुसार वर्गीकरणाच्या उगमाविषयी मतभेद आहेत. काही अभ्यासक तो 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्यात शोधतात. त्याच्या दुसऱ्या भागात संशयित हिजड्यांची नोंदवही ठेवण्याची तरतूद होती. मात्र तो भाग मूळ कायद्यात वायव्य प्रांत, अवध व पंजाब यांनाच लागू होता. नागपूर त्या वेळी मध्य प्रांतात होते. वऱ्हाड 1853 पासून ब्रिटिशांच्या ताब्यात असले तरी 1903 पर्यंत त्याचा कारभार वेगळा चालला. त्यामुळे विदर्भापुरते 1894 च्या कारागृह कायद्याचे कलम 27 अधिक निर्णायक ठरले असावे. स्त्री व पुरुष बंदी एकमेकांस दिसू वा बोलू शकणार नाहीत अशा वेगळ्या इमारतीत किंवा भागात ठेवावेत, असे त्यात म्हटले होते. त्यात तिसरा रकाना नव्हता.

सर्वोच्च न्यायालयाने 15 एप्रिल 2014 रोजी नालसा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) निकालात तृतीय लिंगाला मान्यता दिली. पुढे 2019 चा तृतीयपंथी व्यक्ती (हक्कांचे संरक्षण) कायदा झाला. केंद्रीय गृह मंत्रालयाने 10 जानेवारी 2022 रोजी राज्यांना पाठवलेल्या सूचनेत वेगळा कक्ष, वेगळे शौचालय व न्हाणीघर, तसेच झडतीतील खासगीपणा यांवर भर आहे. कारागृहे हा राज्यसूचीतील विषय असल्याने प्रत्यक्ष अंमल राज्यावर अवलंबून राहतो.

खरी कसोटी दाखल होण्याच्या वेळी लागते. वॉरंटवर आधारप्रमाणे ‘पुरुष’ लिहिलेले असते आणि बंदी बहुधा न्यायालय सुटल्यावर, संध्याकाळी फाटकावर पोहोचतो. केवळ वॉरंट पाहून त्याला पुरुषांच्या बराकीत पाठवले, तर पहिली रात्र सर्वांत धोक्याची ठरते: आतील शौचालयाची भिंत बुटकी असते, दार बाहेरून बंद असते आणि मदत यायला वेळ लागतो. म्हणून बंद्याला बाजूला घेऊन तीन गोष्टी विचाराव्यात: कोणत्या नावाने हाक मारावी, झडती कोणी घ्यावी, कोठे सुरक्षित वाटेल. उत्तरे नोंदवहीत लिहावीत. झडती आडोशाला घ्यावी. लिंग ‘ठरवण्यासाठी’ जननेंद्रिये तपासणे अपमानकारक आहे आणि निवासाच्या निर्णयाला त्याची गरजही नाही.

निवासाबाबत तीन मते आढळतात: स्वघोषित ओळखीनुसार विभाग, सर्वांसाठी स्वतंत्र कक्ष, किंवा प्रत्येकाची इच्छा व धोका पाहून निर्णय. लहान जिल्हा कारागृहांसाठी तिसरे अधिक योग्य दिसते. तेथे एखादाच असा बंदी असतो आणि स्वतंत्र कक्ष म्हणजे प्रत्यक्षात एकांतवास होतो. संयुक्त राष्ट्रांच्या मंडेला नियमांनुसार दिवसाचे 22 तास वा अधिक काळ अर्थपूर्ण मानवी संपर्काविना कोंडणे हा एकांतवास, आणि सलग 15 दिवसांपलीकडे तो निषिद्ध आहे. रात्री वेगळी खोली द्यावी. दिवसा मात्र काम, वाचनालय व अंगण खुले हवे. मे महिन्यात पारा 45 अंशांवर जातो, तेव्हा हवा नसलेली कोठडी जिवावर बेतू शकते. नागपूरला बदली करणे सोपे वाटते, पण चंद्रपूरहून ते अंतर सुमारे 150 किमी आहे. गुरू व चेल्यांच्या (हिजडा समुदायातील कुटुंबासारखे गुरू-शिष्य) मुलाखती, म्हणजे कारागृहातील भेटी, तुटतात आणि न्यायालयाच्या तारखेला नेण्यासाठी पोलीस बंदोबस्त मिळेलच असे नाही. बदली बंद्याच्या संमतीनेच व्हावी. मुलाखतीच्या यादीत रक्ताच्या नात्याबरोबर गुरूचे नावही दाखल करतानाच घ्यावे, अन्यथा घरच्यांनी टाकलेल्या बंद्याला भेटायला कोणीच उरत नाही.

आरोग्यनोंदीत चालू संप्रेरक-औषधे लिहावीत. वृषण काढलेल्या व्यक्तीची ती अचानक थांबली तर अंगातून वाफा येतात, मनःस्थिती ढासळते आणि पुढे हाडे ठिसूळ होतात. निर्वाणानंतर (लिंग व वृषण काढण्याच्या क्रियेनंतर) मूत्रमार्ग आकसण्याची शक्यता असते. लघवी तुंबली किंवा ताप आला तर ताबडतोब रुग्णालयात न्यावे. शौचालयाला आतून कडी व पाणी हवे.

कोठडीतील प्रत्येक व्यक्तीला 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम 12 नुसार मोफत वकील मिळू शकतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज कारागृहातूनच पाठवता येतो.

पारलिंगी पुरुष (जन्माच्या वेळी स्त्री म्हणून नोंद झालेले) बहुधा महिला विभागात ठेवले जातात. त्यांना सॅनिटरी पॅड मागावे न लागता मिळाले पाहिजेत.