भावमुद्रा-ओळखीचे मापन : स्वमग्न व इतर प्रौढ

माणसाच्या चेहऱ्यावरून त्याच्या मनातला भाव किती अचूक व किती लवकर ओळखता येतो, हे छायाचित्रे, चित्रफिती किंवा संगणकावर घडविलेल्या मुद्रा दाखवून मोजण्याची मानसशास्त्रीय पद्धत. स्वमग्नता म्हणजेच ऑटिझम असलेल्या आणि नसलेल्या प्रौढांच्या तुलनेसाठी ती विशेषकरून वापरली जाते. लिओ कॅनर (1943) व हान्स आस्परगर (1944) या वैद्यांनी केलेली स्वमग्नतेची मूळ वर्णने मुलांची होती. पीटर हॉब्सन यांनी 1986 मध्ये प्रसिद्ध केलेले या विषयावरील प्रारंभीचे प्रयोगही मुलांवरच झाले. प्रौढांचा प्रश्न वेगळा आहे. चाळिशीतला स्वमग्न माणूस आयुष्यभर चेहरे पाहत, चुकत आणि शिकत आलेला असतो. चाचणीत त्याला मिळणारे गुण म्हणजे जन्मजात क्षमता व कष्टाने कमावलेले ज्ञान यांची बेरीज असते.

या चाचण्यांत बहुधा मूळ भाव सहा धरतात; ही मोजणी कोठून आली याबद्दल मतभेद आहेत. फ्रेंच वैद्य ड्युशेन यांनी 1862 मध्ये विजेच्या साहाय्याने चेहऱ्याचे एकेक स्नायू आकुंचित करून छायाचित्रे घेतली. त्यांतील काही डार्विन यांनी 1872 च्या आपल्या ग्रंथात वापरली. पॉल एकमन व वॉलेस फ्रीसन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी पापुआ न्यू गिनीतील फोरे लोकांवरील निष्कर्ष 1971 मध्ये मांडले आणि 1976 मध्ये 110 कृष्णधवल छायाचित्रांचा संच तयार केला. आनंद, दुःख, राग, भीती, किळस व आश्चर्य ही आज रूढ असलेली यादी त्या संचामुळे पक्की झाली. मराठी वाचकाला यातले काहीच नवे वाटणार नाही. नाट्यशास्त्रातील आठ स्थायिभावांपैकी हास, शोक, क्रोध, भय, जुगुप्सा व विस्मय हे सहा या यादीशी जुळतात. रति आणि उत्साह तेवढे उरतात. नाट्यशास्त्राचा काळ सामान्यतः इ. स. पू. दुसरे ते इ. स. दुसरे शतक असा मानतात, काही अभ्यासक तो पुढे ओढतात. या जुळणीत काहींना भाव सार्वत्रिक असल्याचा पुरावा दिसतो. दुसरे मत असे, की भरताने नटाने काय करावे म्हणजे प्रेक्षकाला भाव कळेल, हे सांगितले. माणसे दुःखात प्रत्यक्ष कशी दिसतात याची ती नोंद नव्हे. हे दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते, कारण एकमन यांच्या छायाचित्रांतील व्यक्तींनाही ठराविक स्नायू हलवायला सांगितलेले होते. म्हणजे चाचणीतला चेहरा हा बव्हंशी अभिनयच असतो. हेजमाडी, डेव्हिडसन व रोझिन यांनी 2000 मध्ये भारतीय नृत्यपरंपरेतील भावमुद्रांच्या चित्रफिती भारतीय व अमेरिकन प्रेक्षकांना दाखविल्या. लाज, वीरभाव, शांती असे पाश्चात्त्य यादीबाहेरचे भावही दोघांना केवळ अंदाजाने जमेल त्याहून पुष्कळ अधिक ओळखता आले.

सांगलीत 1843 मध्ये विष्णुदास भावे यांनी केलेल्या नाट्यप्रयोगापासून आधुनिक मराठी रंगभूमीची सुरुवात सामान्यतः मानली जाते. त्या परंपरेतली राक्षसपात्रे ‘अललडुर्र’ अशी आरोळी ठोकीत प्रवेश करीत. प्रेक्षकाला क्रोध कळायचा तो आरोळीतून, रंगवलेल्या तोंडातून, हातातल्या शस्त्रातून आणि ठाऊक असलेल्या कथेतून. भुवयांवर सगळा भार नसे. जगण्यातला चेहराही असाच सोबतीने येतो. चाचणी मात्र आवाज, प्रसंग व नाते कापून टाकते आणि उरलेला चेहरा पडद्यावर ठेवते.

प्रत्यक्ष मापनात पडद्यावर आधी फुलीची खूण येते, मग चेहरा, मग खाली शब्द; व्यक्तीने त्यांतला एक निवडायचा. काही प्रयोगांत चेहरा सेकंदाच्या अंशापुरताच दाखवतात. काहींत निर्विकार चेहऱ्यापासून पूर्ण भावापर्यंतच्या पायऱ्या संगणकाने पाडतात आणि कितव्या पायरीला भाव ओळखता आला ते पाहतात. ही रीत प्रौढांसाठी अधिक उपयुक्त, कारण ठसठशीत हसू जवळजवळ सगळेच ओळखतात आणि त्यातून फरक निघत नाही. चित्रसंच अनेक आहेत. स्वीडनमधील कॅरोलिन्स्का संचात (1998) 70 व्यक्तींच्या 4,900 प्रतिमा आहेत. बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेत भारतीय चेहऱ्यांचा एक संच सिद्ध झाला असून त्यात स्थिर चित्रांबरोबर हलती चित्रेही आहेत.

सर्वांत प्रसिद्ध आहे ती सायमन बॅरन-कोहेन व सहकाऱ्यांची डोळ्यांवरून मन ओळखण्याची चाचणी. पहिली आवृत्ती 1997 ची, सुधारित 2001 ची. सुधारित चाचणीत नियतकालिकांतून घेतलेल्या चेहऱ्यांच्या केवळ डोळ्यांभोवतालच्या 36 पट्ट्या असतात व प्रत्येकीला चार शब्द. निव्वळ अंदाजाने 9 गुण मिळतात. त्या अभ्यासात सर्वसाधारण प्रौढांची सरासरी 26.2, तर आस्परगर संलक्षण (स्वमग्नतेच्या एका प्रकाराचे जुने नाव) किंवा उच्चक्षम स्वमग्नता असलेल्या 15 प्रौढांची 21.9 आली.

गुण देण्याची रीत हा वरवर किरकोळ, पण निष्कर्ष फिरवू शकणारा भाग आहे. समजा, रागाचे चेहरे 10 होते आणि एकाने त्यांतले 8 बरोबर सांगितले. टक्केवारी 80, म्हणजे उत्तम. पण त्याने संपूर्ण चाचणीत ‘राग’ हे उत्तर 16 वेळा दिले असेल, तर त्यातली 8 उत्तरे भलत्याच चेहऱ्यांना दिलेली आहेत. वॅगनर यांनी 1993 मध्ये सुचविलेल्या पक्षपातमुक्त गुणांकात बरोबर उत्तरांचा वर्ग करून त्याला चेहऱ्यांची संख्या व तो शब्द किती वेळा वापरला ती संख्या यांच्या गुणाकाराने भागतात : 64 भागिले 160, म्हणजे 0.40. ऐंशीचे चाळीस झाले. भीती व आश्चर्य यांची अदलाबदल सगळ्यांचीच होते, दोन्हींत डोळे विस्फारतात. तेथे साधी टक्केवारी विशेष फसवी ठरते. तुलनेचे दोन गट जुळवताना वय, लिंग व बुद्ध्यंक यांबरोबर भाषिक क्षमता पाहावी लागते.

निष्कर्ष एकसारखे नाहीत. उल्यारेविच व हॅमिल्टन यांनी 2013 मध्ये 48 शोधनिबंध एकत्र तपासले. दोन गटांतील सरासरी फरक मोठा निघाला (संख्याशास्त्रातील प्रमाणित मापाने 0.80), पण फरक न आढळलेले अभ्यास छापलेच जात नाहीत ही शक्यता धरून दुरुस्ती केल्यावर तो 0.41 इतका उतरला. आनंद ओळखण्यात उणीव अगदी थोडी, भीतीत अधिक. क्लिन व सहकाऱ्यांनी 2002 मध्ये नजरेचा माग घेणारे यंत्र लावले, तेव्हा चित्रपटातील दृश्ये पाहताना स्वमग्न व्यक्ती डोळ्यांकडे कमी आणि तोंडाकडे जास्त पाहत असल्याचे दिसले. मेंदूतील ॲमिग्डलाशी याचा संबंध जोडणारी उपपत्तीही आहे.

उणीव स्वमग्नतेची की तिच्यासोबत येणाऱ्या दुसऱ्याच गोष्टीची, हा आजचा खरा वाद. स्वतःच्या भावना नेमक्या ओळखता न येणे व त्यांना शब्द न सापडणे याला ॲलेक्सिथायमिया म्हणतात. पीटर सिफ्नीऑस यांनी 1970 च्या दशकाच्या आरंभी ही संज्ञा रूढ केली. स्वमग्न प्रौढांपैकी सुमारे निम्म्यांत ती आढळते, इतरांत वीसजणांमागे साधारण एकात. कुक, बर्ड व सहकाऱ्यांनी 2013 मध्ये दोन्ही गट या बाबतीत सारखे जुळवून घेतले, तेव्हा मुद्रा ओळखण्यातील अडचणीचा संबंध ॲलेक्सिथायमियाशी लागला, स्वमग्नतेशी लागला नाही. ओकली व सहकाऱ्यांना 2016 मध्ये डोळ्यांच्या चाचणीबाबतही तसेच दिसले. या मताकडे पारडे झुकते. ‘स्वमग्न माणसाला दुसऱ्याचे दुःख कळत नाही’ हे विधान चाचणीतल्या कमी गुणांवरून करणे अन्यायाचे आहे. शब्द न सापडणे आणि कळवळा नसणे या दोन गोष्टी आहेत. डेमियन मिल्टन या स्वतः स्वमग्न असलेल्या अभ्यासकांनी 2012 मध्ये दुहेरी समानुभूतीचा प्रश्न मांडला : न समजणे दोन्ही बाजूंनी असते. 2016 मधील काही अभ्यासांत स्वमग्न व्यक्तींच्या मुद्रा इतरांना नीट वाचता आल्या नाहीत, असे दिसून आले.

मराठीत चाचणी घेताना शब्दांची अडचण प्रथम येते. डोळ्यांच्या चाचणीतील सूक्ष्म छटांना ‘खिन्न’, ‘विमनस्क’, ‘साशंक’ असे पुस्तकी प्रतिशब्द दिले, तर सांगली जिल्ह्यातल्या वाळवा किंवा तासगावकडच्या शेतकऱ्याची परीक्षा चेहऱ्यांची न राहता शब्दसंग्रहाची होते. कृष्णाकाठचा माणूस भाव सांगतो तो अवयवावरून : तोंड पाडलंय, गाल फुगवलंत, नाक मुरडलं, डोळं वटारलं, कपाळाला आठ्या घातल्या. ‘रुसवा’ तर सहांच्या यादीत कोठेच बसत नाही; त्यात राग आहे, पण समजूत काढली जाण्याची अपेक्षाही आहे. जत तालुक्यात पुष्कळांच्या घरची भाषा कन्नड असते. तेथे मराठी शब्दांची यादी दुसऱ्या भाषेतली ठरते. चेहरा झाकण्याची रीतही ध्यानात घ्यावी लागते. माणदेशातल्या जनावरांच्या बाजारात रुमालाखाली बोटे धरून सौदा ठरतो, तेव्हा दोघांच्याही चेहऱ्यावर काही दिसू न देणे यातच कसब असते.

भारतात निदानासाठी वापरल्या जाणाऱ्या 40 कलमांच्या इसा (ISAA, म्हणजे स्वमग्नतेच्या मूल्यमापनाची भारतीय श्रेणी) या श्रेणीत भावनिक प्रतिसादाचा विभाग आहे. मात्र तो निरीक्षणावर आधारलेला असून चेहरे दाखवून घेतलेली ही चाचणी नव्हे. मुद्रा-ओळखीच्या गुणांवरून स्वमग्नतेचे निदान करता येत नाही.

मराठीत ही चाचणी घ्यायची तर सुरुवातीला प्रत्येक शब्दाचे कार्ड देऊन ‘असं तुम्हाला कधी वाटतं?’ असे विचारून घेणे आणि शब्द बोलीत पक्के करणे इष्ट. दुःखी चेहरा पाहून कोणी ‘ह्याचं कायतरी हरवलंय’ म्हणाला, तर सक्तीच्या पर्यायांत त्याला शून्य मिळते, मुक्त उत्तराच्या पद्धतीत पूर्ण गुण. म्हणून निवडलेल्या पर्यायाशेजारी बोललेले वाक्य जसेच्या तसे टिपून ठेवतात आणि दोन्ही गुण वेगवेगळे मांडतात.